वायरींची वेणी

मंगळवारी दुपारी बाबांचं इंजिन जळलं. बुधवारी सकाळी दादा घर सोडून गेला. इंजिन मी चालवलं होतं.

यातलं शेवटचं वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. दादा गेल्या पौषात वारला. तेव्हापासून मी रोज थोडं थोडं लिहीत या प्रकरणाभोवती फिरत राहिले. बाकीची प्रकरणं सोपी होती. शाळा, वाचनालय, कडाक्याच्या थंडीत सायकलच्या हँडलला चिकटणारे हात, हे सगळं लिहून झालं. हे एवढं राहिलं होतं. आता लिहायला बसले आहे तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते: या घरातल्या कुणाबद्दलही मला नुसतं प्रेम वाटत नव्हतं. माणूस गेलं की मागे उरलेल्यांनी सगळं गोड करून सांगायचं असतं. ते मला जमणार नाही.

आम्ही चंदीगडला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, तळमजल्यावर. बाबा तिथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधक होते. औषध शरीरात गेल्यावर त्याचं काय होतं ते सशांवर आणि उंदरांवर तपासायचं, हे त्यांचं काम. घराच्या मागच्या बाजूला जाळी लावलेला व्हरांडा होता. शेजारच्या गिल आंटी त्यांच्या तशाच व्हरांड्यात लोणच्याच्या बरण्या आणि रजयांची लोखंडी पेटी ठेवायच्या. आमच्या व्हरांड्यात आगगाडी होती. बाबा एक वर्ष इंग्लंडला होते तेव्हा त्यांनी तिकडून एका खोक्यात इंजिन, चार डबे, रूळ आणि वीज सोडायचा एक डबा आणला होता. प्लायवूडच्या मोठ्या फळीवर त्यांनी रुळांची दोन वर्तुळं बसवली, एकात एक, आणि प्रत्येकाला गाडी उभी करायला बाजूचा एक रूळ. फळी चार लाकडी घोड्यांवर ठेवलेली असे. सकाळी धुक्यानं रूळ ओले होत, काळे पडत, आणि बाबा प्रयोगशाळेतून आणलेल्या स्पिरिटनं ते पुसत बसत. त्या स्पिरिटचा वास, आतून येणारा गोड्या मसाल्याचा वास आणि भल्या पहाटे गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून येणारा पाठ, एवढं एकत्र आलं की मी अजूनही त्या व्हरांड्यात उभी असते.

आजोबा बडनेऱ्याला रेल्वेत सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेला सांधा म्हणतात. तो हलवायचा दांडा ओढण्यात आजोबांची सगळी नोकरी सरली. बाबांना त्यांचा अभिमान आहे असं सगळे म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. आजोबांच्या दांड्यापासून आपण किती लांब आलो याचा बाबांना अभिमान होता, आणि ते अंतर रोज डोळ्यांसमोर ठेवायला खेळातली गाडी त्यांना बरी पडायची. आजोबा पावसात उभे राहून जे करायचे ते बाबा खुर्चीत बसून एका बोटानं करायचे. प्रत्येक सांध्याच्या खाली तारेची दोन वेटोळी होती. एकात वीज गेली की सांधा उजवीकडे सरके, दुसऱ्यात गेली की डावीकडे. वीज क्षणभरच द्यायची, जास्त दिली तर वेटोळं जळतं. म्हणून बाबांनी साधी बटणं न लावता दारावरच्या घंटीची बटणं लावली होती, बोट उचललं की आपोआप बंद होणारी. दाबलं की फळीखालून ‘खट्’ असा आवाज येई. आमच्या घरी खरी घंटी नव्हती. पाहुणे दार वाजवत, आणि आम्हाला फळीच्या आवाजात ते ऐकू येत नसे.

बाहेरचं वर्तुळ बाबांचं, आतलं दादाचं. दादा दहावीत असताना बाबांनीच ते त्याला देऊन टाकलं होतं. दादानं रेडिओवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर आणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला आणि स्वतःचा वीज सोडायचा डबा तयार केला. दोन्ही डब्यांना एकेक हँडल होतं. मधे ठेवलं की गाडी थांबे, उजवीकडे वळवलं की पुढे जाई, डावीकडे वळवलं की मागे. आता फक्त दोन वर्तुळांना जोडणारे सांधे राहिले होते, म्हणजे बाबांची गाडी दादाच्या रुळावर आणि दादाची बाबांच्या रुळावर नेणारे. समोरासमोरचे दोन सांधे बसवून झाले होते. दोघांची वीज एकमेकांत मिसळू नये म्हणून त्यांच्यामध्ये प्लास्टिकचे जोडही घातले होते. वायरी जोडायच्या बाकी होत्या. प्रत्येक सांध्याला तीन, अशा सहा वायरी फळीखाली रबर बँडनं बांधून लोंबत होत्या, आणि तशाच लोंबत राहिल्या.

कारण तेवढ्यात भांडण झालं. दादाचं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं दुसरं वर्ष चाललं होतं. सेक्टर चौतीसमध्ये क्लासेसच्या पाट्या एकावर एक चढत होत्या, आणि त्यातल्या एकात तो रोज सकाळी जातो अशी आमची समजूत होती. एक दिवस संस्थेच्या कँटीनमध्ये कुणीतरी बाबांना म्हणालं, तुमचा मुलगा डेराबस्सीला दिसला, कंपनीच्या बसमधून उतरताना. तिथल्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात तो तीन महिन्यांपासून तपासणी विभागात मदतनीस होता. तेव्हा असे कारखाने भराभर निघत होते, आणि बाबांना त्यांचा फार तिटकारा होता. दुसऱ्यानं शोधलेलं औषध डबीत भरून विकणारे लोक, असं ते म्हणत. त्या रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, “डॉक्टर नको, शास्त्रज्ञ नको, पॅकिंगवाला व्हायचंय साहेबांना.” दादा म्हणाला, “पॅकिंगवाल्याला पगार मिळतो. मला दोन वर्षं नुसते मार्क मिळून राहिलेत.” बाबा ताटावरून उठले. त्यानंतर सात महिने ते दादाशी बोलले नाहीत, आणि तोही त्यांच्याशी बोलला नाही.

न बोलणं म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं ते अशा घरात राहिलेले नसतात. मला निरोप्या केलं गेलं. दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणणार, “त्याला सांग, गीझर बंद कर.” मग मी म्हणायचं, “दादा, गीझर बंद कर.” दादा माझ्याकडे बघून म्हणणार, “बाबांना सांग, केलाय.” मग मी म्हणायचं, “बाबा, केलाय.” मी उच्चारल्याशिवाय वाक्य पोचलं असं कुणी धरायचं नाही, असा नियम कुणी न ठरवता पडून गेला. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. गीझर तासभर चालू राहिला आणि दोघंही वर्तमानपत्र वाचत बसले. शेवटी आईनं उठून बंद केला आणि बोलणी मला बसली. “जीभ झडते का गं तुझी दोन शब्द बोलायला?” ती म्हणाली. आईनं स्वतः निरोप न्यायला पहिल्याच आठवड्यात नकार दिला होता. तिचा राग स्वयंपाकातून निघायचा. ती दोघांना दोन वेळा वाढायची, आणि ज्या दिवशी दोघांचाही राग आलेला असेल त्या दिवशी मुळ्याची भाजी करायची, कारण ती दोघांनाही आवडत नसे. त्या हिवाळ्यात आम्ही फार मुळा खाल्ला. गिल आंटी एकदा कुंपणावरून आईला म्हणाल्या, “तुहाडे घर बड़ी शांती है, भैणजी. साड्डे तां रोज जंग हुंदी है.” आमच्या घरच्या शांततेचा त्यांना हेवा वाटत होता. आई हसली आणि त्यांना मुळ्याची जुडी देऊन आली.

गाडी मात्र दोघांनीही सोडली नाही. संध्याकाळी बाबा बाहेरच्या वर्तुळावर त्यांचं इंजिन फिरवत आणि दादा दिवसपाळीला असला की आतल्या वर्तुळावर त्याचं फिरवी. दोघांच्या खुर्च्या फळीच्या दोन टोकांना. बाबांचं इंजिन ज्या दिशेला जाई त्याच्या उलट दिशेला दादाचं. मी दारात पुस्तक घेऊन बसायची आणि रोज ते बघायची. दादाचं हँडल डावीकडे असेल म्हणून गाडी उलटी जाते, असं मी धरून चालले होते. वाकून हँडल बघितलं असतं तर ते उजवीकडे होतं हे दिसलं असतं. बाबांच्या ‘पुढे’ला आपलं ‘पुढे’ म्हणायचं नाही म्हणून दादानं भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी फळीखाली जाऊन आपल्या डब्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली होती. हा मूर्खपणा आमच्याच घरात होऊ शकतो. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, आणि सांगणार तरी कुणामार्फत होता?

त्या मंगळवारी आई महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाच्या तयारीला गेली होती. बाबा संस्थेत, आणि दादा रात्रपाळी करून आलेला, त्याच्या खोलीत रजई डोक्यावरून ओढून झोपलेला. मी कॉलेजला गेले नाही. आज लोकांना वाटेल की मला बापलेकांचा समेट घडवायचा होता. तसं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. मला निरोप पोचवायचा कंटाळा आला होता, आणि दोघांचाही राग आला होता. बाबांचं इंजिन दादाच्या रुळावर नेऊन उभं करायचं, एवढाच माझा बेत होता. मग ते परत मागायला बाबांना त्याच्याशी बोलावं लागेल. शिव्या दिल्या तरी चालतील, पण स्वतःच्या तोंडानं द्याव्या लागतील.

बाबांची आगगाडीची वही मी पाठ केली होती. मी पुस्तकातलं सगळं खरं मानणारी मुलगी होते. वहीत बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: लाल वायर उजव्या वेटोळ्याला, हिरवी डाव्या, काळी दोघांची मिळून. मी फळीखाली उताणी झोपून चाकूनं वायरींची टोकं सोलली, पिळली, स्क्रूखाली दाबली. प्रत्येक सांध्याच्या तीन वायरी फार लोंबत होत्या, म्हणून मी त्यांच्या वेण्या घातल्या, आईनं शाळेत जाताना माझ्या घालाव्यात तशा घट्ट, आणि टोकाला दोऱ्यानं बांधल्या. वर येऊन बटण दाबलं. ‘खट्’. दुसरं दाबलं. ‘खट्’. दोन्ही सांधे सरकले. मला इतका आनंद झाला की दादाला उठवून दाखवावंसं वाटलं. उठवलं असतं तर बरं झालं असतं.

वहीत पुढे होतं: गाडी ओलांडताना दोन्ही हँडल एकाच बाजूस असावीत. मी दादाचं इंजिन उचलून बाजूला ठेवलं आणि दोन्ही हँडल उजवीकडे वळवली. बाबांचं इंजिन बाहेरच्या वर्तुळावरून आलं, सांध्यावर वळलं, आणि प्लास्टिकच्या जोडांवर थांबलं. पुढची चाकं दादाच्या विजेवर आणि मागची बाबांच्या. दोन्ही विजा एकमेकींच्या उलट आणि मधे इंजिन. मला वाटलं, रुळावर धूळ असेल. वीज वाढवली की गाडी धूळ ओलांडते हे मी पाहिलं होतं, म्हणून मी दोन्ही हँडल अजून फिरवली. निळी ठिणगी उडाली, चिर्र असा आवाज आला, आणि इंजिनाच्या पोटातून धूर निघायला लागला. जास्त वीज झाली की बंद पडण्याची सोय बाबांच्या डब्यात इंग्लंडहून आली तेव्हा होती. आमच्याकडच्या विजेच्या चढउतारानं ती सारखी गाडी थांबवायची, म्हणून बाबांनीच ती काढून टाकली होती, हे मला फार नंतर कळलं. मी भिंतीवरचा प्लग उपटला तोवर इंजिनाचं काळं प्लास्टिक मऊ होऊन चाकांवर ओघळलं होतं. त्याला हात लावायचा मला धीर झाला नाही. ते तिथेच सोडून मी खोलीत जाऊन पुस्तक उघडून बसले. कुठलं पुस्तक ते आठवत नाही.

बाबा सहाला आले. आईही नुकतीच येऊन चहा टाकत होती. बाबा नेहमीप्रमाणे कप हातात घेऊन मागे गेले आणि थोड्या वेळानं तिथूनच म्हणाले, “हर्षद.”

सात महिन्यांत त्यांनी हे नाव घेतलं नव्हतं. दादा बनियनवर स्वेटर चढवत, डोळे चोळत आला. मी त्याच्या मागून दारापर्यंत गेले.

“काय आहे हे?” बाबा म्हणाले.

दादानं इंजिनाकडे पाहिलं. मग तो वाकून फळीखाली गेला. बाबांचे गुडघे दुखत, ते कधी वाकत नसत. दादा खाली जरा जास्तच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यानं वेण्या पाहिल्या आहेत.

“माझ्या डब्याच्या वायरी उलट्या आहेत,” तो म्हणाला.

“कुणी केल्या?”

“मी.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण बाबांनी त्याचा जो अर्थ लावला तो लावला.

“अरे, काय बोलून राहिला आहेस तू?” आई ओट्यापासून म्हणाली.

“बोलू दे त्याला. डेराबस्सीला हेच शिकवत असतील. दुसऱ्याचं जाळायचं आणि आपलं चालवायचं.”

“तिथे निदान लेबल वाचून काम करतात.”

“माझ्या वडिलांच्या हातून एक गाडी कधी चुकीच्या रुळावर गेली नाही. आणि तू घरातल्या घरात...”

“आजोबांना चाललो असतो मी पॅकिंगला,” दादा म्हणाला. “त्यांना हातानं काम करायची लाज नव्हती.”

बाबांनी कप फळीवर ठेवला. “हे इंजिन असंच इथे राहणार आहे,” ते हळू म्हणाले. “तू राहायचं का नाही ते तू बघ.”

“जळकं इंजिन चालेल, मी नाही. ठीक आहे जी. पक्का.”

मी तोंड उघडलं. हे मला नीट लिहायचं आहे, कारण यावरच सगळं आहे. मी तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि ‘मी केलं’ हे शब्द जिभेवर आले होते. त्याच वेळी बाबा माझ्याकडे वळले. मी बोलायला उभी आहे हे पाहून, सात महिन्यांच्या सवयीनं, ते म्हणाले, “त्याला सांग, उद्या जाताना स्कूटरची चावी ठेवून जा.”

आणि मी म्हणाले, “दादा, उद्या जाताना स्कूटरची चावी ठेवून जा.”

दादा हसला. चांगलं हसू नव्हतं ते.

सकाळी तो एक बॅग घेऊन निघाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिनं माझ्या हातात डबा दिला, दशम्या आणि लसणाची चटणी, आणि म्हणाली, “दे त्याला नेऊन.” मी फाटकापर्यंत गेले. धुक्यात रस्त्यापलीकडची घरं दिसत नव्हती.

“वेण्या मस्त घातल्यास,” तो म्हणाला.

“मी सांगते बाबांना.”

“केव्हा?”

मी डबा पुढे केला.

“छोड यार, मिनू. तू सांगितलंस तर ते तुझ्याशीही बोलणार नाहीत. मग त्यांचे निरोप कोण नेणार, गिल आंटी?” त्यानं डबा घेतला, उघडून पाहिला आणि म्हणाला, “आज मुळा नाही केला?”

एवढं बोलून तो बस पकडायला गेला.

त्यानं मला वाचवलं असं कुणी म्हणेल. मीही काही वर्षं तसं मानत होते. आता मला तसं वाटत नाही. त्याला घरातून जायचंच होतं आणि मी त्याला कारण दिलं, शिवाय असं कारण की ज्यात तो मोठा ठरत होता आणि मी लहान. ते त्यानं जपून ठेवलं. पुढे तो डेराबस्सीहून गुजरातेत गेला, मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि दिवाळीला फोन करायचा तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असे, “काय मग, घालतेस का वेण्या अजून?” आई शेजारी उभी असली तरी विचारायचा. आईला वाटायचं, बहिणीची थट्टा करतोय. मी प्रत्येक वेळी हसून ‘हो’ म्हणायचे आणि फोन ठेवला की हात धुवायचे. मला तो आवडायचा, आणि त्या फोनची मला भीती वाटायची. या दिवाळीत फोन आला नाही, तर मी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होते.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. फळीवर कुणी गाडी फिरवली नाही, पण क्वार्टर सोडेपर्यंत त्यांनी ती काढूही दिली नाही. सांगायला मला वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. शेवटच्या आजारपणात मी महिनाभर त्यांच्याजवळ होते. एकदा ते म्हणाले, “त्यानं मुद्दाम केलं, मिनू. मी विचारलं होतं त्याला.” मी त्यांची उशी नीट केली. बाबा गेल्यावर दादा आला, सगळे विधी केले, आणि तेराव्याला पंगत उठल्यावर मला म्हणाला, “संपलं आता. आता कुणाला सांगणार?” मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं, आणि मला आजही त्याबद्दल वाईट वाटत नाही.

गेल्या पौषात त्याच्या घरी माणसं जमली होती. तेव्हा त्याच्याबद्दल जो तो बोलत होता, आणि आईही बोलली. म्हणाली, माझा मुलगा रागीट होता, बापाचं इंजिन जाळलं त्यानं रागाच्या भरात, पण मनानं वाईट नव्हता. सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिच्या शेजारीच बसले होते.

आई आता माझ्याकडे असते. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. तिला सगळं नीट आठवतं आणि नीट ऐकू येतं. मी तिला अजून सांगितलेलं नाही.